हत्या, वध आणि घर

आप्तावर घोर गुन्ह्याचा आरोप आला की घरातून प्रथम एकच वाक्य उमटते : तो असे करणारच नाही. हे वाक्य पुराव्याला उद्देशून नसतेच. ज्या घराने त्याला वाढविले त्या घराची ती बाजू असते, आणि म्हणूनच पुराव्याने ते सहसा खोडले जात नाही.

नथुराम गोडसे याच्या आप्तांना हे वाक्य उपलब्ध नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेसाठी जमलेल्या समुदायादेखत त्याने गांधीजींवर गोळ्या झाडल्या आणि न्यायालयातही ते कृत्य नाकारले नाही. कृत्य असे निर्विवाद असले की नकाराला एकच जागा उरते, ती म्हणजे कृत्याचे नाव. १९६४ साली जन्मठेपेतून सुटून आलेल्या गोपाळ गोडसे यांच्या सत्कारानिमित्त पुण्यात सत्यविनायकाची पूजा झाली, तिच्या निमंत्रणपत्रिकेत नथुरामाला ‘देशभक्त’ म्हटले होते.

गोपाळ गोडसे यांच्या पुस्तकाचे मराठी नाव मात्र ‘गांधीहत्या आणि मी’ असे आहे. (शासनाने ते १९६७ मध्ये जप्त केले, मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती जप्ती रद्द केली.) त्याचा हिंदी अवतार ‘गांधी वध और मैं’ या नावाने वाचला जातो. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलणाऱ्या, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील वाचकाला ही दोन नावे शेजारी ठेवताच त्यांतील अंतर जाणवेल. हत्या माणसाची होते. वध कंसाचा, कीचकाचा होतो. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी कर्झनला पाहिले, ते याच शब्दाच्या बळावर, सरकारनेही ते ओळखले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. वध म्हटले की मारणाऱ्याचा न्याय आधीच ठरून जातो. अनुवादाचे अभ्यासक शीर्षकांतील असे फेरफार बाजारपेठेच्या खाती टाकून मोकळे होतात, हे येथे तरी पुरेसे नाही.

तरीही मराठी शीर्षकातील ‘आणि मी’ विसरता येत नाही. लेखक हा नुसता भाऊ नव्हता, कटाच्या खटल्यातील दोषीही होता. त्याची साक्ष कोठे बंधुप्रेम आणि कोठे स्वसमर्थन, हे वेगळे काढणे अवघड आहे. अशा ग्रंथाला कुटुंबाच्या शोकाचे साहित्य म्हणणे धाडसाचे, आणि निव्वळ प्रचार म्हणून दूर सारणे सोपे.

गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी मारेकऱ्याला फाशी देऊ नये अशी विनंती केली होती. त्यासाठी त्यांना गुन्ह्याचे नाव बदलावे लागले नाही. ती मान्य झाली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे फाशी झाली. अखंड हिंदुस्थानातून सिंधू वाहू लागेल तेव्हाच आपल्या अस्थी तिच्यात सोडाव्यात, ही नथुरामाची इच्छा कुटुंबाने पाळली. अस्थिकलश पुण्यातच आहे.