परसबाग : मुहूर्त वसंतपंचमीचा, माप बादलीचे

वसंत ऋतू म्हणजे चैत्र-वैशाख, असे आपण शाळेत पाठ केलेले असते. परंतु लातूर-नांदेडकडे चैत्रात बी पेरणे म्हणजे तापल्या तव्यावर पेरणे होय. आपल्या मराठवाड्यात उन्हाळी परसबागेचा खरा मुहूर्त माघातली वसंतपंचमी. आणि तिची तयारी दिवाळीतच सुरू करावयाची असते.

बाग करावयाची म्हटले की हौशी मंडळी आधी अंगण मोजतात. मोजावयाची ती बादली! भर उन्हाळ्यात भाजीच्या एका चौरस मीटर वाफ्याला रोज ७ ते ८ लिटर पाणी लागते. घरातून १५ लिटरच्या चार बादल्या सुटत असतील, तर ८ चौरस मीटर, म्हणजे साधारण १० फूट लांब व साडेआठ फूट रुंद, एवढीच तुमची बाग. अंगण याहून मोठे असले तरी मोह आवरावा.

हा कंजूषपणा नव्हे. २०१६ साल आठवून पाहा. मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरात आली. तशा दिवसांत पिण्याच्या पाण्यावर बाग जगवणे कोणाला शोभेल? नांदेडला गोदावरी उशाशी आहे खरी. पण पाऊस ओढला की नदीकाठही सुकतो. म्हणून जे पाणी एरवी मोरीतून वाहून जाते, त्याच्यावरच बाग उभी करावी.

त्यातही निवड हवी. डाळ-तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी वाफ्यांना द्यावे. अंघोळीचे पाणी शेवगा, कढीपत्ता, केळ यांच्या बुंध्याशी सोडावे, पालेभाजीवर नको. कपड्यांच्या सोड्याचे पाणी मात्र बागेत येऊच देऊ नये. त्याने काळी माती चिकट होऊन आवळते व मुळांना हवा मिळत नाही.

आता मातीकडे वळू. काळी जमीन ओली खणली तर ढेकळे होतात, वाळल्यावर कुदळ चालत नाही. वाफसा आला की खणावी, चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि वाफ्यांत मेथी, पालक, कोथिंबीर पेरावी. मेथी महिना-सव्वा महिन्यात ताटात येते. याच सुमारास सोयाबीनची मळणी उरकलेली असते. तिचे एक-दोन पोती भुसकट आणून कोरड्या जागी ठेवावे. त्याचे काम पुढे आहे.

पौष सरता वाफे मोकळे करून पुन्हा खत घालावे. वसंतपंचमीच्या आगेमागे भेंडी, गवार, चवळी लावावी. भेंडीचे बी रात्रभर भिजत ठेवावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘परभणी क्रांती’ केवड्या रोगाला दाद देत नाही, म्हणून निवडली गेली. शिवाय ती संकरित नाही. दोन-चार शेंगा झाडावरच वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचे बी घरचेच. भेंडीची तोडणी दीड-पावणेदोन महिन्यांत सुरू होते, म्हणजे ऊन माथ्यावर येण्याआधी रोपे मुळे धरून उभी असतात.

होळीच्या सुमारास ठेवणीतले भुसकट वाफ्यांवर दोन-तीन इंच पसरावे. माती भेगाळत नाही, ओल टिकते. दुधी-दोडक्याच्या वेलाशेजारी एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व झाकण ठेवावे. पाणी झिरपत थेट मुळांशी पोचते. पाणी नेहमी संध्याकाळी किंवा पहाटे द्यावे.

तेव्हा वाचकहो, भाऊबीज आटोपली, पाहुणे परतले, की आठवडाभर मोरीखाली बादली ठेवून पाणी मोजा. जो आकडा येईल त्यावरून वाफे आखा. पुढे चैत्रात बाजारची भाजी महागलेली असताना घरची ओंजळभर कोवळी भेंडी कढईत पडेल, आणि तिच्यासाठी नळाचा एक तांब्याही जास्तीचा खर्चलेला नसेल.