स्वस्ताईच्या शोधातील शेजारी

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या देशात कायमच्या वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या परकीयांना, विशेषतः अमेरिकेतील सेवानिवृत्तांना, उपदेश करणाऱ्यांची वाण नाही. घर किती स्वस्त, दवाखाना किती स्वस्त, मोलकरीण किती स्वस्त, असा त्या उपदेशाचा एकच सूर असतो. हा हिशेब खोटा नाही. पण तो अपुरा आहे. स्वस्ताई ही कोणाच्या तरी मिळकतीची दुसरी बाजू असते, हे त्यात कोठेच मांडलेले नसते.

इक्वेडोरमधील ही सोय मुळात एका आपत्तीतून जन्मली. मार्च १९९९ मध्ये तेथील बँका कोसळू लागल्या आणि सरकारने ठेवी गोठविल्या. जानेवारी २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष हामिल माहुआद यांनी एका डॉलरला २५,००० सुक्रे असा दर ठरवून अमेरिकन डॉलर हेच देशाचे चलन करण्याची घोषणा केली. ज्यांची आयुष्यभराची पुंजी सुक्रेत होती, त्यांच्या हाती फारसे काही उरले नाही. लाखो माणसे स्पेन, इटली आणि अमेरिकेच्या वाटेला लागली. त्याच निर्णयामुळे अमेरिकेतील निवृत्तास मात्र आपल्या वेतनाचा डॉलर न वटविता थेट बाजारात खर्च करता येऊ लागला.

या निवृत्तांचे आवडते शहर म्हणजे कुएन्का. समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटर उंची, बारमाही थंडावा, चार नद्या आणि १९९९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला जुना भाग, हे सारे मोहविणारे आहेच. परंतु याच परिसरातून विणलेल्या गवती टोप्या 'पनामा हॅट' या परक्या नावाने जगभर विकल्या गेल्या. गेल्या शतकाच्या मध्यास तो व्यापार बसला, आणि आसुआय व कान्यार या प्रांतांतील माणसे न्यूयॉर्ककडे वळली. कोकणातील गावे जशी मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगली, तशीच तेथील खेडी परदेशातून येणाऱ्या पैशावर उभी आहेत. त्यांतील कित्येक तरुण कागदपत्रांवाचून, जिवावर उदार होऊन सीमा ओलांडतात. उलट दिशेने येणाऱ्या निवृत्ताचे मात्र विमानतळावर स्वागत होते. स्थलांतर दोघांचेही आहे. भेद आहे तो केवळ खिशातील चलनाचा आणि पारपत्राच्या वजनाचा.

तेव्हा जाणाऱ्याने जाऊ नये काय? तसे मुळीच नाही. मात्र त्याने पाहुणा म्हणून नव्हे, तर शेजारी म्हणून जावे.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. जन्माचा व विवाहाचा दाखला, पोलिसांचे प्रमाणपत्र आणि पदवीपत्र यांवर मायदेशातच 'अपोस्टील' ही प्रमाणनाची मोहोर घ्यावी आणि त्यांचे अधिकृत स्पॅनिश भाषांतर करून घ्यावे. त्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत व इक्वेडोर हे दोन्ही देश २००५ साली सामील झाले असल्याने ही वाट मराठी माणसालाही मोकळी आहे. तात्पुरत्या निवासाचा परवाना दोन वर्षांचा असतो. तो मिळाल्यावर 'सेदुला' हे ओळखपत्र विनाविलंब काढावे; त्यावाचून पुढील बहुतेक व्यवहार अडतात.

दुसरी गोष्ट घराची. पहिले वर्ष भाड्यानेच राहावे. तेथील विरळ हवा आपल्या हृदयास व श्वासास मानवते की नाही, हे राहिल्यावाचून कळत नाही. घर घ्यावयाचेच झाले, तर मालमत्ता नोंदणी कार्यालयात मालकी निर्वेध असल्याची खात्री केल्यावाचून विसार देऊ नये. २०२४ साली दुष्काळामुळे जलविद्युत केंद्रे थंडावली आणि काही दिवस चौदा-चौदा तास वीज नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत सरकारला गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध 'अंतर्गत सशस्त्र संघर्ष' घोषित करावा लागला. हिंसाचाराचा जोर मुख्यतः किनारपट्टीवर असला, तरी कोठे राहावयाचे हे ठरविताना त्याकडे डोळेझाक करणे हा शहाणपणा नव्हे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखाच 'तू' आणि 'आपण' असा भेद आहे. डोंगराळ प्रदेशातील माणूस मोठा अदबशीर. तो भाजीवालीलाही 'उस्तेद' म्हणतो. जो परकीय दहा वर्षे राहूनही इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कोंडाळ्याबाहेर पडत नाही, त्याला दवाखान्यात आपले दुखणे सांगता येत नाही आणि शेजाऱ्याचे सुखदुःख समजत नाही.

परकीयांमुळे घरमालकांस, वैद्यांस आणि खाणावळींस चार पैसे मिळतात, असा युक्तिवाद केला जातो. तो खरा आहे. परंतु निवृत्तांच्या परवान्यासाठी कायद्यानेच मूळ मासिक वेतनाच्या तिप्पट उत्पन्नाची अट घातली आहे. २०२५ साली हे वेतन ४७० डॉलर होते. म्हणजे येणाऱ्याची मिळकत किमान १,४१० डॉलर. एकाच घरासाठी हे दोघे उभे राहिले, तर घर कोणाला मिळेल हे सांगावयास अर्थशास्त्री नको. म्हणूनच मागेल ते भाडे बिनघासाघीस देऊन टाकणे हे औदार्य ठरत नाही. त्याने गल्लीतील शिक्षकाचे आणि कारकुनाचे भाडे वाढते. स्थानिक दर विचारून तोच द्यावा. घरकामाला माणूस ठेवल्यास कायद्याप्रमाणे त्याची सामाजिक सुरक्षा संस्थेत नोंद करावी आणि वर्गणी भरावी. अशा नोंदीची मुभा नाकारली गेलेली त्याचीच भावंडे न्यूयॉर्कमध्ये भांडी घाशीत असतील, याचा विसर पडू देऊ नये.