पदके मोजावीत की प्रतिस्पर्धी?

आपल्याकडे 1936 सालचा ध्यानचंदांचा संघ श्रेष्ठ की 1948 ते 1956 या काळातील बलबीरसिंगांचा, या प्रश्नावर शाळेतील शिक्षकांची मधली सुट्टी सहज संपून जाते. बर्फावरील हॉकीच्या जगात असाच एक वाद सोव्हिएत संघाविषयी आहे. तो देश 1991 अखेर नकाशावरून नाहीसा झाला. त्याच्या संघाचा सर्वांत बलशाली काळ कोणता, हा प्रश्न मात्र मिटलेला नाही. या वादात बहुधा पदकांची संख्या पुढे केली जाते. ही मोजणी सोपी आहे. ती पुरेशी आहे असे मात्र म्हणता येणार नाही.

सोव्हिएत देशात या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1946 च्या डिसेंबरात सुरू झाली. अवघ्या आठ वर्षांनी, 1954 मध्ये, स्टॉकहोम येथे पहिल्याच जागतिक स्पर्धेत या संघाने कॅनडाला 7-2 असे हरवून विजेतेपद मिळविले. फुटबॉलमध्येही नाव कमावलेला बोब्रोव्ह हा त्या संघाचा नायक. 1956 चे ऑलिंपिक सुवर्णही आले. परंतु 1960 मध्ये कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. पाया भक्कम होता, इमारत व्हायची होती.

ती उभी केली चेर्निशेव्ह आणि तारासोव्ह या प्रशिक्षकांनी. 1963 ते 1971 अशी सलग नऊ जागतिक विजेतेपदे आणि 1964, 1968 व 1972 ही तीन ऑलिंपिक सुवर्णे! अंगावर धावून जाण्यापेक्षा चेंडूसारखी फिरणारी ती रबरी चकती एकमेकांकडे देत राहावी, हा तारासोव्हचा आग्रह होता आणि त्याने या खेळाचे रूपच पालटले. एवढ्यावर निकाल द्यायचा तर वाद येथेच संपतो.

पण समोर कोण होते? कॅनडाचे उत्तम खेळाडू उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये खेळत आणि जागतिक स्पर्धेची दारे व्यावसायिकांना बंद होती. कॅनडा पाठवीत असे तो हौशी संघ. 1970 पासून तर त्याने काही वर्षे स्पर्धेवरच बहिष्कार घातला. सोव्हिएत खेळाडूही कागदोपत्री हौशीच. पण त्यांतील कित्येक लष्कराच्या वेतनावर वर्षभर हॉकीच खेळत. शिवाय 1969 चे विजेतेपद आठवून पाहावे. प्रागमध्ये रणगाडे घुसल्याला वर्षही झाले नव्हते. चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला त्या स्पर्धेत दोनदा हरविले. तिन्ही संघांचे गुण समान झाले आणि केवळ गोलांच्या फरकावर सोव्हिएत संघ स्वीडन व चेकोस्लोव्हाकियाच्या पुढे राहिला.

खरी परीक्षा 1972 च्या सप्टेंबरात झाली. कॅनडाच्या व्यावसायिकांशी आठ सामने ठरले आणि माँट्रियलमधील पहिलाच सोव्हिएत संघाने 7-3 असा जिंकला. मॉस्कोतील अखेरच्या सामन्यात 34 सेकंद उरले असताना हेंडरसनने गोल केला, म्हणून कॅनडाने मालिका चार विरुद्ध तीन अशी जिंकली. एक सामना बरोबरीत सुटला. सहाव्या सामन्यात क्लार्कने खार्लामोव्हच्या घोट्यावर काठी हाणली नसती तर काय झाले असते, हे ज्याने त्याने ठरवावे. तारासोव्ह तोवर पदावरून दूर झाला होता, तरी संघ त्याच्याच हाताखाली घडलेला. जुन्या काळाच्या कैवाऱ्यांचा हा सर्वांत बळकट पुरावा आहे आणि तो मला मान्य आहे. परंतु हेच वैभव पुढे टिकले नाही. 1976 मध्ये पोलंडसारख्या दुबळ्या संघाकडून 6-4 असा पराभव झाला आणि ते व पुढचे जागतिक विजेतेपद चेकोस्लोव्हाकियाकडे गेले.

1977 मध्ये तिखोनोव्ह आला. 1979 मध्ये न्यूयॉर्क येथे व्यावसायिक लीगच्या निवडक संघाविरुद्धचा निर्णायक सामना सोव्हिएत संघाने 6-0 असा जिंकला. 1981 मध्ये माँट्रियलमध्ये, ग्रेट्स्की आणि लाफ्लर ज्यात खेळत होते त्या कॅनडाला अंतिम सामन्यात 8-1 असे लोळविले. 1984 मध्ये सारायेव्हो ऑलिंपिकमधील सातही सामने जिंकले. फेतिसोव्ह, कासातोनोव्ह, माकारोव्ह, लारिओनोव्ह व क्रुतोव्ह हे पंचक आणि मागे गोलरक्षक त्रेत्याक. माझ्या मते 1979 ते 1984 हाच सर्वांत बलशाली काळ होय, कारण येथे विजय सर्वोत्तमांवर मिळविलेले आहेत.

1980 मध्ये लेक प्लॅसिडला अमेरिकन विद्यार्थ्यांनी याच संघाला 4-3 असे हरविले, हा आक्षेप येणारच. काही दिवस आधी त्याच अमेरिकन संघावर 10-3 असा विजय मिळविलेला होता. पहिल्या सत्रानंतर त्रेत्याकला बाहेर बसविण्याचा निर्णय प्रशिक्षकाचा होता; त्याचे खापर खेळाडूंवर फोडणे योग्य नव्हे.

मात्र हे बळ आले कोठून, याचा हिशेब चुकविता येत नाही. लष्कराचा क्लब देशातील हवा तो खेळाडू सैन्यभरतीच्या नावाखाली उचलू शके. 1977 ते 1989 अशी सलग तेरा राष्ट्रीय विजेतेपदे त्याने घेतली, ती काही चुरशीची खूण नव्हे. विवाहित खेळाडूंनाही वर्षातील बहुतेक काळ मॉस्कोजवळच्या छावणीत, बायकामुलांपासून दूर ठेवले जाई. 1981 च्या विजयी संघातून तिखोनोव्हने खार्लामोव्हला वगळले होते. संघ कॅनडात असतानाच, 27 ऑगस्ट रोजी, तो मोटार-अपघातात मरण पावला. 1988 मध्ये लारिओनोव्हने ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात या कारभाराविरुद्ध जाहीरपणे लिहिले. पंचकाला परदेशी जाण्याची वाट 1989 मध्ये मोकळी झाली, तोवर त्यांची उमेदीची वर्षे सरली होती. अमेरिकन लीगने पहिल्या मोसमाअखेर माकारोव्हला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा सन्मान दिला. त्या वेळी तो 31 वर्षांचा होता. त्यानंतर लीगने या सन्मानासाठी 26 वर्षांची वयोमर्यादा घातली.