पत नोटेला, माणसाला नाही

वापसा नाही, डवरणी बंद. म्हणून काल 'द मिलियन पाउंड नोट' हा १९५४ चा इंग्रजी पिक्चर बघितला. मार्क ट्वेनच्या गोष्टीवरचा, ग्रेगरी पेक आहे त्यात.

एक कफल्लक अमेरिकन लंडनमध्ये उपाशी फिरतोय. दोन श्रीमंत भाऊ पैज लावतात अन् त्याला दहा लाख पौंडांची एकच नोट देतात. ती न मोडता महिना निघतो का, एवढंच बघायचं. एवढ्या नोटेचे सुट्टे देणार कोण? खाणावळवाला पैसे घेत नाही, शिंपी उधार कपडे देतो, मोठ्या हॉटेलात खोली मिळते. त्याच्या नावावर सोन्याच्या खाणीचे शेअरसुद्धा खपतात! मग नोट नाहीच अशी बोंब उठते, शेअर पडतात अन् तेच लोक अंगावर धावून येतात.

पिक्चर विनोदी आहे, पण मला आपलंच गाव दिसलं. रस्त्यात जमीन गेलेल्याचा चेक अजून यायचाय, तरी ट्रॅक्टरचा एजंट त्याच्या ओट्यावर चहा पितोय. अन् ज्याला जूनमध्ये दोन बॅगा डीएपी पाहिजे, त्याला दुकानदार म्हणतो, "मागची बाकी आधी टाका भाऊ."

ज्यांचा मोबदला यायचाय त्यांनी खात्यात पैसे दिसेपर्यंत कशावरच सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या अमेरिकनाच्या हातात निदान नोट तरी होती. आमच्या शिवारात दोघांनी नुसत्या नोटिशीवर ट्रॅक्टर उचलला. वाटणीची केस कोर्टात आहे, हप्ते मात्र चालू झालेत.