बिनपत्त्याच्या जोडण्या: दूरसंचार नियामक प्राधिकरणास खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली.

विषय: घरगुती ब्रॉडबँड ग्राहकांना नाकारला जाणारा सार्वजनिक आयपी पत्ता आणि त्याबाबत प्राधिकरणाने बाळगलेले मौन.

महोदय,

ज्या जोडणीवर बाहेरून आलेला एकही संपर्क ग्राहकाच्या घरापर्यंत पोहोचू शकत नाही, ती ‘इंटरनेट’ या नावाने विकण्याची मुभा सेवापुरवठादारांना कोणत्या नियमाने मिळाली, हे प्राधिकरणाने आता तरी लेखी सांगावे. हा प्रश्न नवा नाही. कस्टमर केअरच्या क्रमांकावर, कंपन्यांच्या अपील प्राधिकाऱ्यांपुढे आणि खुद्द प्राधिकरणाच्या पत्त्यावर ग्राहकांनी तो पुन्हापुन्हा मांडला आहे, आणि ‘आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे’ असा संदेश मोबाइलवर पाठवून त्याची नोंद तितक्याच वेळा बंद करण्यात आली आहे. राउटरवरचा हिरवा दिवा लागलेला असला आणि वेगाची चाचणी 100 एमबीपीएस दाखवत असली की तक्रार निकाली निघाली, अशी या व्यवस्थेची समजूत दिसते. तक्रार वेगाची नव्हतीच.

तक्रार करणारा वर्ग कोणता, हे आधी नोंदवणे आवश्यक आहे, कारण तो हौशी मंडळींचा किरकोळ गट असल्याचे उत्तर तोंडी अनेकदा दिले जाते. छायाचित्रे, कागदपत्रे, हिशेब आणि पासवर्ड एखाद्या बड्या कंपनीच्या क्लाउडवर न ठेवता घरातल्याच छोट्या संगणकावर ठेवायचे आणि बाहेर असताना मोबाइलवरून तेथे पोहोचायचे, या पद्धतीला सेल्फ-होस्टिंग म्हणतात. छायाचित्रांसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, चित्रपट-संगीतासाठी जेलीफिन आणि घरातील उपकरणांसाठी होम असिस्टंट ही सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात, आणि कपाटात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवरही ती चालतात. गूगल फोटोजने 2015 पासून दिलेली अमर्याद मोफत साठवण 1 जून 2021 रोजी बंद करून 15 जीबीची मर्यादा लागू केली, तेव्हा आपल्या घरातील बारशांची आणि लग्नांची छायाचित्रे दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवली आहेत, ही जाणीव कित्येक सामान्य कुटुंबांना पहिल्यांदा झाली. दुकानातील कॅमेऱ्यांचा डीव्हीआर घरून पाहू इच्छिणारा किराणा व्यापारी सेल्फ-होस्टिंग हा शब्द कधी उच्चारत नाही, पण त्याचीही गरज नेमकी हीच आहे. पूर्वी राउटरमध्ये एक पोर्ट उघडून तो स्वतःच्या डीव्हीआरपर्यंत थेट पोहोचत असे. आता स्वतःच्याच गल्ल्याचे चित्र त्याला कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या, बहुधा परदेशी, सर्व्हरवरून मागून घ्यावे लागते.

हे का घडले, याचे तांत्रिक कारण प्राधिकरणास ठाऊक आहे. तरीही ते येथे मांडावे लागते, कारण कंपन्या ते ग्राहकांना कधीच सांगत नाहीत. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला ओळख म्हणून एक आयपी पत्ता लागतो. आयपीव्ही4 या जुन्या पद्धतीत तो 32 बिटांचा असल्यामुळे सर्व जगासाठी मिळून 4,29,49,67,296 पत्तेच संभवतात. त्यांचा मध्यवर्ती साठा 3 फेब्रुवारी 2011 रोजी संपला आणि आशिया-पॅसिफिक विभागाचे वाटप पाहणारी एपनिक ही संस्था त्याच वर्षी 15 एप्रिलला आपल्या अखेरच्या राखीव गटावर आली. यावर सेवापुरवठादारांनी स्वीकारलेला उपाय म्हणजे कॅरिअर-ग्रेड नॅट, अर्थात सीजीनॅट: ग्राहकाला कंपनीच्या जाळ्यापुरताच वैध असलेला आतला पत्ता द्यायचा आणि अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच सार्वजनिक पत्ता वापरू द्यायचा. एप्रिल 2012 मध्ये 100.64.0.0 ते 100.127.255.255 हे 41,94,304 पत्ते जगभर केवळ याच कामासाठी बाजूला काढण्यात आले. एका सार्वजनिक पत्त्यावर 65,536 पोर्ट, म्हणजे संपर्काची क्रमांकित दारे, असतात. तो 64 घरांत वाटला तर प्रत्येक घराच्या वाट्याला सुमारे 1,024 दारे येतात, आणि त्यांपैकी एकही ग्राहकाला स्वतःहून बाहेरच्यासाठी उघडता येत नाही. हा प्रकार संपूर्ण चाळीला एकच टपालपत्ता देऊन खोल्यांचे क्रमांक मालकाने स्वतःच्या वहीत लपवून ठेवण्यासारखा आहे. भाडेकरूने पाठवलेल्या पत्राचे उत्तर त्याला मिळते, पण आपणहून पत्र लिहिणाऱ्याचा पोस्टमन दारातूनच परत जातो.

तुटवडा खरा होता, हे मान्य करण्यास हरकत नाही. परंतु त्यावरचा कायमचा उपायही तितकाच जुना आहे. 128 बिटांच्या पत्त्यांची आयपीव्ही6 ही पद्धत डिसेंबर 1998 मध्येच निश्चित झाली होती, आणि तिच्यात एकाच घराला दिला जाणारा सर्वांत लहान नेहमीचा गटसुद्धा आयपीव्ही4 च्या एकूण पत्त्यांच्या चार अब्जपटींहून मोठा असतो. दूरसंचार विभागाने आयपीव्ही6 चा पहिला राष्ट्रीय आराखडा जुलै 2010 मध्ये आणि दुसरा मार्च 2013 मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या आराखड्यानुसार 30 जून 2014 नंतरची प्रत्येक नवी घरगुती तारजोडणी आयपीव्ही6 साठी सक्षम असणे अपेक्षित होते, आणि ग्राहकांकडील कंपन्यांच्या मालकीची जुनी उपकरणे डिसेंबर 2014 पर्यंत 25 टक्के, डिसेंबर 2015 पर्यंत 50 टक्के, डिसेंबर 2016 पर्यंत 75 टक्के आणि डिसेंबर 2017 पर्यंत 100 टक्के बदलली जायची होती. नोव्हेंबर 2021 मध्ये हीच मुदत 31 डिसेंबर 2022 पर्यंत वाढवण्यात आली. तीही उलटली. गावोगावच्या केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेणाऱ्या ग्राहकाने आज आयपीव्ही6 ची चौकशी केली, तर ‘साहेब, नेट तर चालू आहे ना?’ हा प्रतिप्रश्नच उत्तर म्हणून मिळतो. त्या बिचाऱ्यालाही दोष देता येत नाही, कारण तो स्वतः वरच्या कंपनीच्या सीजीनॅटमागे असतो आणि त्याचा ग्राहक अशा दोन भिंतींच्या मागे.

आयपीव्ही6 च्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो, असे यावर अभिमानाने सांगितले जाईल, आणि ते खरेही आहे. मात्र ही आघाडी मुख्यतः मोबाइल जाळ्यांच्या बळावर मिळालेली आहे, आणि तिचे मोजमाप बाहेर जाणाऱ्या संपर्कांवरून होते; घराकडे येणारा संपर्क पोहोचतो की नाही, हे त्यात कोणी तपासतच नाही. ज्या घरांत आयपीव्ही6 पोहोचली आहे, तेथेही अनेकदा कंपनीच्या राउटरमधील फायरवॉल, म्हणजे येणारे संपर्क अडवणारी चाळणी, ग्राहकाला बदलता येत नाही, राउटरचा प्रशासकीय पासवर्ड कंपनी देत नाही, आणि घराला दिलेला पत्त्यांचा गट राउटर बंद-चालू केला की बदलतो. युरोपातील जाळेचालकांच्या राईप समुदायाने ऑक्टोबर 2017 मध्येच अशी शिफारस केली होती की, घरगुती ग्राहकाला 48 किंवा 56 बिटांचा उपसर्ग, म्हणजे पत्त्यांचा गट, द्यावा, जेणेकरून किमान 256 स्वतंत्र उपजाळी त्याला करता येतील, आणि तो उपसर्ग टिकाऊ असावा. येथे मात्र टिकाऊ पत्ता ही ‘स्टॅटिक आयपी’ नावाची वेगळी वस्तू ठरली असून, ती बहुधा व्यावसायिक योजनेसोबतच, वेगळ्या वार्षिक शुल्कासह आणि वर 18 टक्के जीएसटी लावून विकली जाते. आयपीव्ही4 चा पत्ता दुर्मिळ आहे म्हणून तो महाग, हे एकवेळ समजू शकते; ज्याची टंचाईच होऊ शकत नाही, तो पत्ताही स्थिर मिळू नये, यामागे तंत्र कोणते आणि धंदा कोणता, हे शोधण्यास प्राधिकरणाकडे अधिकारही आहेत आणि माणसेही.

ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठीच हे सर्व बंद ठेवले आहे, असे एक साळसूद स्पष्टीकरण दिले जाते. दार आरंभी बंद असावे, याबद्दल कोणाचेच दुमत नाही; वाद आहे तो किल्ली कोणाकडे असावी याचा. शिवाय दार बंद राहिल्यामुळे ग्राहकाची खासगी माहिती सुरक्षित होते, हेही खरे नाही, कारण त्याला आडमार्गाने जावे लागते आणि प्रत्येक आडमार्गावर एक तिऱ्हाईत उभा असतो. क्लाउडफ्लेअरचा बोगदा वापरला तर संकेतस्थळावरील मजकुराचे कूटबंधन त्या कंपनीच्या सर्व्हरवर उघडते, म्हणजे ज्या तिऱ्हाइताला टाळण्यासाठी सगळा खटाटोप केला, तोच मधोमध येऊन बसतो. टेलस्केलसारख्या सेवेत मजकूर झाकलेला राहतो, पण कोणते उपकरण कोणाशी जोडले जाते, याचा समन्वय परदेशी कंपनीच हाताळते. आणि सार्वजनिक पत्ता मिळवण्यासाठी देशातच एखादा व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेतला, तर सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशानुसार त्या ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक आणि त्याला दिलेले आयपी पत्ते पुरवठादाराने पाच वर्षे जपून ठेवायचे असतात.

याहून गंभीर बाब सीजीनॅटच्या पोटातच आहे. एका पत्त्यामागे अनेक घरे असल्यामुळे, अमुक क्षणी तो पत्ता नेमका कोण वापरत होते, हे सांगता यावे म्हणून कंपनीला प्रत्येक संपर्काची वेळ, आतला पत्ता, बाहेरचे पोर्ट आणि पलीकडचे गंतव्य यांची नोंद ठेवावी लागते, आणि डिसेंबर 2021 च्या परवाना-दुरुस्तीनंतर अशा नोंदींचा किमान काळ एका वर्षावरून दोन वर्षांवर गेला आहे. प्रत्येक घराला स्वतःचा पत्ता असता, तर त्याची ओळख पटवण्यास तो कोणत्या तारखेपासून कोणाला दिला एवढी एक नोंद पुरली असती. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले. त्यानंतरच्या वर्षांत या देशातील घरगुती ग्राहकाला स्वतःचा पत्ता मिळाला नाही, स्वतःच्या हालचालींची वही मात्र दुप्पट जाड झाली. (खासगीपणाबाबत प्राधिकरणाची स्वतःची सवयही विस्मरणात गेलेली नाही: नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने 2015 मध्ये ईमेल पाठवणाऱ्या दहा लाखांहून अधिक नागरिकांचे ईमेल-पत्ते त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये प्राधिकरणानेच आपल्या संकेतस्थळावर जसेच्या तसे मांडले होते.)

तरीही याच प्राधिकरणाने 8 फेब्रुवारी 2016 रोजी भेदभावी डेटा-दरांना बंदी घातली आणि 28 नोव्हेंबर 2017 रोजी नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी दिल्या, ही कामगिरी नाकारण्याचे कारण नाही. त्रुटी अशी की, त्या संपूर्ण विचारात ग्राहक हा घेणारा म्हणूनच कल्पिलेला आहे. युरोपीय संघाच्या 2015 च्या खुल्या इंटरनेटविषयीच्या नियमनात नागरिकाला माहिती मिळवण्याबरोबरच ती प्रसृत करण्याचा, सेवा वापरण्याबरोबरच पुरवण्याचा आणि स्वतःच्या पसंतीचे उपकरण जोडण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे, आणि जर्मनीत 1 ऑगस्ट 2016 पासून ग्राहक स्वतःचा राउटर कायद्याच्या आधारे लावू शकतो. भारतात 2023 च्या जानेवारीत ब्रॉडबँडची व्याख्या 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेण्यात आली, तीही केवळ डाउनलोडच्या गतीची. सेवेच्या दर्जाविषयी 2 ऑगस्ट 2024 रोजी काढलेल्या विनियमांत बिघाड-दुरुस्तीचा कालावधी आहे, विलंब आहे, पॅकेटगळती आहे. घराला पत्ता मिळतो की नाही, याचा रकाना नाही.

तेव्हा तो रकाना निर्माण करावा, एवढीच मागणी आहे, आणि ती पुरवण्यासाठी कंपन्यांना नवी तार ओढावी लागणार नाही. जोडणी सीजीनॅटमागे आहे किंवा कसे, हे योजनेच्या जाहिरातीत दराशेजारीच ठळक मराठीत, आणि ज्या राज्यात जी भाषा चालते तीत, छापणे बंधनकारक करावे. मागणी करणाऱ्या प्रत्येक घरगुती ग्राहकाला 56 बिटांचा टिकाऊ आयपीव्ही6 उपसर्ग अतिरिक्त शुल्काविना द्यावा. राउटरची फायरवॉल बदलण्याचा किंवा राउटरच स्वतःचा लावण्याचा अधिकार ग्राहकाला असावा. आणि आयपीव्ही6 साठी आजवर ठरलेल्या मुदतींपैकी कोणत्या कंपनीने किती पाळल्या, याचे कोष्टक प्रसिद्ध करावे. आयपीव्ही6 हा विषय दूरसंचार विभागाचा असल्याचे उत्तर येण्याची शक्यता गृहीत धरली आहे. दर्जाची मानके ठरवण्याचा आणि सरकारला आपणहून शिफारस करण्याचा अधिकार 1997 च्या कायद्याच्या 11 व्या कलमाने कोणाला दिला आहे, हे प्राधिकरणास सांगण्याची गरज नसावी.

वैयक्तिक तक्रारी हाताळणे प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही, हेही ग्राहकांना आता पाठ झाले आहे. आधी कंपनीचे तक्रार केंद्र, मग त्याच कंपनीने नेमलेला अपील प्राधिकारी आणि त्याच्या निर्णयासाठी 39 दिवस, असा मार्ग 2012 च्या विनियमांनी आखून दिला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 रोजी ग्राहक आयोगाचे दार दूरसंचार ग्राहकांसाठी खुले असल्याचे स्पष्ट केले नसते, तर तो मार्ग तेथेच संपला असता. मात्र सदर पत्र वैयक्तिक तक्रार नाही. ते ‘उचित कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून संबंधित सेवापुरवठादाराकडे पाठवण्यात येऊ नये, कारण संबंधित सेवापुरवठादार सर्वच आहेत, आणि त्यांच्याकडून येणारा निराकरणाचा संदेश ग्राहकांकडे आधीच पुरेसा साठलेला आहे.

कळावे,
सीजीनॅटमागील ग्राहकांच्या वतीने