पांढऱ्या थराचा काळा धंदा

घरातलं कॉफी मशीन बिघडलं असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा काहीही बिघडलेलं नसतं. आत क्षार साचलेला असतो. बनवणाऱ्याला हे ठाऊक असतं, विकणाऱ्याला ठाऊक असतं, दुरुस्तीच्या काउंटरवर बसलेल्याला तर रोजच दिसतं. फक्त ग्राहकाला कोणी सांगत नाही. कारण उघड आहे. क्षार काढायला किराणा दुकानातलं मूठभर लिंबूसत्व पुरतं, आणि नवं मशीन हजारो रुपयांना खपतं. या मौनाला मी फसवणूक म्हणतो.

मशीनमध्ये गूढ असं काही नाही. साध्या ड्रिप मशीनला पंपही नसतो. टाकीतलं पाणी एका छोट्या झडपेतून उतरतं, खालच्या तापनळीत उकळू लागतं आणि वाफेचे बुडबुडे त्याला वर ढकलून कॉफीवर सोडतात. पाणी जड असेल तर तापताना त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, नळीला आतून चिकटते. नळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, आणि ॲल्युमिनियम या थराच्या शंभरपट सहज उष्णता वाहतं. त्यामुळे थर चढला की नळी भाजते, पण पाण्याला ऊब पोचत नाही. मशीन गुरगुरतं, वाफ फार सोडतं, कॉफी थेंबाथेंबाने उतरते. थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा वीज तोडतो आणि शेवटी थर्मल फ्यूज जातो. तो एकदाच जातो, आपोआप परत जुळत नाही. ग्राहकाच्या लेखी मशीन ‘मेलं’.

आता पाण्याचा हिशोब बघा. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतला जातो. 300 चं पाणी रोज एक लिटर वापरलं, तर महिन्याला नऊ ग्रॅम चुनखडीइतका क्षार त्या बोटभर नळीतून जातो. सगळा तिथे बसत नाही, पण त्यातला थोडा भागही नळीचा घास घ्यायला पुरेसा आहे. भातसा-तानसाचं पाणी पिणारी मुंबई आणि बोअर किंवा टँकरवर जगणारं पुण्याचं उपनगर यांच्या पाण्यात केवढं अंतर आहे! तरीही दोन्हीकडे विकल्या जाणाऱ्या खोक्यात पुस्तिका एकच, आणि तिच्यात ‘नियमित स्वच्छ करा’ एवढीच ओळ. हा सल्ला नव्हे, ही अंग काढून घ्यायची सोय आहे. कारण त्याच खोक्यातल्या वॉरंटी कार्डावर अनेकदा लिहिलेलं असतं की क्षारामुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. म्हणजे धोका यांना आधीपासून माहीत होता! स्वतःचा बचाव करण्याइतपत माहीत होता, मला बजावण्याइतपत नाही.

एका सेवा केंद्रात मला मशीन न उघडताच सांगण्यात आलं, ‘आतला बोर्ड गेलाय, नवीन घ्या.’ त्या मशीनमध्ये बोर्डच नव्हता. एक स्विच, एक थर्मोस्टॅट, फ्यूज आणि तापनळी, एवढाच त्याचा संसार. याला अज्ञान म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. नसलेला भाग गेला म्हणून सांगणं हे खोटं बोलणं आहे.

म्हणून जे पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत हवं होतं, ते इथे लिहितो. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवा. टाकीत ओता, मशीन चालू करा, अर्धं पाणी वर आलं की बंद करा आणि अर्धा तास थांबा. आम्लाला काम करायला वेळ लागतो. घाईने एकदाच चालवून मोकळे होणारे थराला फक्त आंघोळ घालतात. मग उरलेलं पाणी उतरवा आणि दोन-तीन टाक्या साधं पाणी फिरवा. पाणी चढतच नसेल तर प्लग काढून द्रावण टाकीत तसंच मुरू द्या, पण रात्रभर नको, ॲल्युमिनियमलाही आम्ल खातं. एस्प्रेसो मशीनला मात्र त्याच्या पुस्तिकेतलीच पद्धत वापरा. कॉफीला खवट वास येत असेल तर दोष क्षाराचा नाही, साचलेल्या तेलाचा आहे. तिथे लिंबूसत्व कुचकामी, भांड्यांचा साबणच हवा. आणि बाथरूमचं ॲसिड या नळीत ओतायला सांगणाऱ्याला, तसंच फ्यूज वगळून थेट तार जोडून देणाऱ्या कारागिराला दारातूनच परत पाठवा. पहिला पोटात विष घालेल, दुसरा घराला आग लावेल.

काही विक्रेते यावरही दुसरी वस्तू विकतात: आरओ लावा. क्षार थांबतो, हे खरं. पण पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीत कपभर कॉफीसाठी बरंचसं पाणी मोरीत सोडून देण्याचा सल्ला निर्लज्ज आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूच्या दर्जाची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क मानला. 2022 च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू झालं. पण मशीनच्या तळाला साध्या पेचकसाला दाद न देणारे स्क्रू असतील आणि फ्यूज सुटा मिळणारच नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. किती कठीणपणाच्या पाण्याला किती दिवसांनी क्षार काढायचा, याचा तक्ता खोक्यावर मराठीत छापणं सक्तीचं करा. सुटे भाग विकणं सक्तीचं करा. आणि क्षाराचं कारण दाखवून वॉरंटी नाकारायची असेल, तर विक्रीच्या वेळी तो तक्ता हातात दिल्याचा पुरावा कंपनीने द्यावा.

कायदा होईपर्यंत आपणही गप्प बसायचं कारण नाही. पुढचं मशीन घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: माझ्या पाण्याला क्षार किती दिवसांनी काढायचा, फ्यूज आणि झडप सुटी मिळते का, आणि तळ उघडता येतो का? उत्तरं मिळाली नाहीत तर पैसे देऊ नका. या धंद्याला तक्रारीची भीती वाटत नाही. न विकल्या गेलेल्या मालाची वाटते.