पट्टा आणि लोढणं

आमच्या बुलढाण्याला धबधबे आहेत, असं मी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते आधी माझ्याकडे बघतात आणि मग खिडकीबाहेर. विदर्भ म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे कापूस, ऊन आणि पाण्याचा टँकर येतो. त्यात त्यांचंही फारसं चुकत नाही. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे सातशे-आठशे झाला तरी पीकपाणी बरं म्हणायचं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर तिकडचे धबधबे म्हणजे मुदत ठेवी, आमचे म्हणजे बचत खाती, तीही वर्षातले आठ महिने शिल्लक शून्य असलेली. जुलैत एखाद्या रात्री पाऊस दणकून होतो आणि सकाळी राजूर घाटातून मोताळ्याकडे उतरताना काळ्या कड्यांवर पांढऱ्या रेघा दिसू लागतात. चार दिवस उघडीप मिळाली की त्या पुसट होतात. दसऱ्यापर्यंत एखादी टिकली तर ते वर्ष चांगलं.

हे मी गमतीनं म्हणत नाही. नोकरीत असताना पीककर्जाच्या वसुलीचा माझा अंदाज साहेबांच्या तक्त्यांपेक्षा या रेघांवर जास्त अवलंबून असे. ऑगस्टअखेर घाटातलं पाणी थांबलं की फेब्रुवारीत कोणकोण शाखेची पायरी चढायची टाळणार, हे मला आधीच कळायचं. ही पद्धत मी कधी वरिष्ठांना कळवली नाही. कळवली असती तर त्यांनी त्याचाही एक छापील नमुना काढला असता.

बुलढाण्याचं पठार म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा माथा. इथे पडलेला पाऊस दोन दिशांना जातो. उत्तरेकडे उतरलेलं पाणी नळगंगा, ज्ञानगंगा यांच्यातून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळतं. दक्षिणेचं पाणी पैनगंगेतून वर्धेला, तिथून प्राणहितेला, मग गोदावरीला आणि थेट बंगालच्या उपसागराला. एकाच ढगातले दोन थेंब एकमेकांपासून असे कायमचे तुटतात. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला असल्या गोष्टीचा मोह होणारच. पण मी तो दोनदा वापरून झालो आहे, तेव्हा इथे पुरे.

धबधबे मात्र का होतात ते सांगितलं पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि आपला दख्खन तयार झाला. सगळे थर सारखे नाहीत. काही पोलादासारखे कठीण, काही भोकाभोकांचे ठिसूळ. मधूनमधून लाल मातीचा पट्टा. पाणी ठिसूळ थर खालून कोरत जातं, वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो आणि ओढ्याला तिथून उडी घ्यावी लागते. शेजारच्या जिल्ह्यात अजिंठ्याच्या लेण्यांपाशी वाघूर नदी सात कुंडांमधून उतरते, तोही याच घराण्यातला प्रकार. आमच्याकडचे धबधबे त्या मानानं गरीब नातेवाईक. बऱ्याच जणांना नावसुद्धा नाही.

आता बंडूविषयी. मी 2020 साली निवृत्त झालो. निरोपसमारंभ झाला नाही, कारण देशच बंद होता. शाल-श्रीफळ हुकलं आणि त्या ऐवजी जूनमधल्या एका पावसात फाटकाखालून एक ओलं पिल्लू आत आलं. आमच्या सौ.ना कुत्रा घरात चालत नाही, हे मला लग्नापासून माहीत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्याचं नाव बंडू ठेवलं. जात विचाराल तर शुद्ध गावठी. रंग भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीचा, एक कान उभा, एक कान विचारात पडलेला.

बंडूमुळे मी चालायला लागलो. डॉक्टरांनी सांगून जे झालं नव्हतं ते त्याच्या सकाळी साडेपाचच्या कुईकुईनं झालं. पुढच्या पावसाळ्यापासून आम्ही दोघं घाटाच्या कडेकडेनं, गायरानांतून, नाल्याच्या अंगानं धबधबे धुंडाळू लागलो. कुत्र्याबरोबर चालणं आणि माणसाबरोबर चालणं यांत मोठा फरक आहे. माणूस बोलतो. कुत्रा थांबतो. ज्या ठिकाणी मी कधीच थांबलो नसतो तिथे तो थांबायचा, नाक जमिनीला लावायचा आणि मग मीही वाकून बघायचो. सायाळीचा काटा, नीलगायीच्या लेंड्यांचा ढीग, दगडाखाली आक्रसलेला बेडूक. धबधब्याचा आवाज माझ्या कानी पडण्याच्या कितीतरी आधी त्याचा तो विचारी कान सरळ व्हायचा. चाळीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या माणसाला एक मुका प्राणी जमीन वाचायला शिकवत होता आणि मी त्याच्या मोबदल्यात त्याला मोकळं सोडत होतो. हा व्यवहार मला फार न्याय्य वाटे.

ऑगस्ट 2022. अभयारण्याच्या हद्दीबाहेरचं एक गायरान, पुढे सागाची विरळ झाडी, तिच्यापलीकडे आमचा तो बिननावाचा धबधबा. गवत मांडीपर्यंत आलेलं. बंडू पुढे होता. अचानक गवतातून लांडोर उठली, पण ती उडून दूर गेली नाही. पंख फरपटत, केविलवाणं ओरडत समोरच घुटमळू लागली. बंडू तिच्या अंगावर धावला. तेव्हा माझ्या पायाजवळचं गवत हललं आणि मातीच्या रंगाची पिल्लं वाट फुटेल तिकडे पळाली. चार होती की पाच, मोजायला वेळ मिळाला नाही. मोजणं हा माझा जन्मभराचा धंदा, तरीही. मी हाका मारत राहिलो. घरात एका हाकेत येणारा बंडू त्या दिवशी दहा हाकांनीही आला नाही. परत आला तेव्हा जीभ बाहेर, डोळ्यांत असा आनंद की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. तोंडाला रक्त नव्हतं, हे मी आधी बघितलं. लांडोर कुठे गेली ते कळलं नाही. गवतात एक पिल्लू बारीक आवाजात ओरडत होतं. शोधायला गेलो की गप्प व्हायचं.

हे सगळं वरच्या खडकावर बसलेला एक मेंढपाळ बघत होता. त्याचा कुत्रा त्याच्या पायाशी होता, गळ्यात दोरीनं बांधलेला लाकडाचा ओंडका, म्हणजे लोढणं. मी जवळ गेलो तसा तो म्हणाला, "सायेब, माह्या कुत्र्याच्या गळ्यात लोढनं हाये. पाखरामांगं पयाला लागला का ते गुडघ्यावर बसते. तुमच्याच्या गळ्यात पट्टा हाये, पन त्याले धरनारा कोनी नाई." आणि थोडं थांबून, "अंडी-पिल्लाचे दिवस हायेत ना आता."

त्यानं आवाज चढवला नाही. दंडाची, कायद्याची भाषा केली नाही, जरी मोर हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे, हे मला पाठ होतं. एका कादंबरीसाठी मी तो कायदा वाचला होता. त्या संध्याकाळी पाऊस लागला तो रात्रभर. मी अंथरुणात पडून, आईच्या पंखांविना त्या गवतात किती पिल्लं असतील याचा हिशेब करत राहिलो. बंडू पायाशी गाढ झोपला होता. झोपेत त्याचे पाय पळत होते.

तेव्हापासून माझं मत बदललं आहे आणि ते मी घरच्या बैठकीतही मांडतो, म्हणून भांडणं होतात. आमचे चिरंजीव पुण्याला असतात. गेल्या पावसाळ्यात ते मित्रमंडळींसह आले, बरोबर दोन गुबगुबीत परदेशी जातीची कुत्री. आता म्हणे कुत्र्यांना घेऊन धबधब्यावर जाण्याची टूम आहे. त्यांना रंगीत जाकिटं घालतात, फोटो काढतात. मी म्हटलं, घाटरस्त्यावर, दोरी हातात धरून जरूर न्या, जंगलात नको. चिरंजीव म्हणाले, "बाबा, गावची कुत्री रात्रंदिवस जंगलात फिरतात. आमच्या दोघांनी काय बिघडतं?"

युक्तिवाद खोटा नाही. गावची कुत्री फिरतात आणि त्यांनीही नुकसान होतं. पण थकबाकीदार शेजाऱ्याकडे बोट दाखवून आपला हप्ता चुकवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. गावच्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी ही पंचायतीनं आणि सरकारनं करायची मोठी कामं आहेत. दोरी माझ्या हातात आहे त्या कुत्र्याचा जबाबदार मात्र मीच.

आणि प्रश्न नुसता पिल्लांचा नाही. कुत्र्यांमधून पसरणारा डिस्टेंपर नावाचा रोग आहे. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत त्यानं जवळपास एक तृतीयांश सिंह मारले. तो आसपासच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांकडून आला असावा, असं शास्त्रज्ञांचं मत पडलं. 2018 मध्ये आपल्या शेजारी, गीरमध्ये, काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. आमच्याकडे सिंह नाहीत, हे मान्य. पण 2019 च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओचा पट्टा घेऊन, तेलंगणाची सीमा ओलांडून, शेतं, रस्ते, वस्त्या चुकवत, तेराशेहून अधिक किलोमीटर चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला होता. त्या महिन्यात बुलढाण्याच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. एवढ्या लांबून पाहुणा आला आणि आपण त्याच्या पाणवठ्यावर आपल्या कुत्र्याची खोकल्याची लाळ ठेवली, तर कसलं आदरातिथ्य?

उलट धोकाही आहेच. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भक्ष्याच्या एकूण वजनातला 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे बिबट्याच्या लेखी आपला लाडका बंडू हा ताटातला पदार्थ. बोथ्याच्या बाजूला अस्वलंही आहेत. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकतो, अस्वल उलटतं, कुत्रा घाबरून पळतो. आणि पळून कुठे येतो? मालकाच्या पायाशी. मागून अस्वल.

कोणी म्हणेल, महाप्रस्थानाला निघालेल्या युधिष्ठिरानंही कुत्र्याला शेवटपर्यंत सोडलं नाही. खरं आहे. पण तो कुत्रा साक्षात धर्म होता आणि तो कुठे लांडोरीमागे धावल्याचं मी वाचलेलं नाही.

जाता जाता पाण्याबद्दलही. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत बंदीचे फलक लागतात. फलकांना माझा विरोध नाही, पण फलक वाचून कोणी पाणी ओळखायला शिकत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि दोन कोस वर पठारावर पाऊस झालेला असतो. आधी पाण्याचा रंग चहासारखा होतो, मग काटक्या-पाचोळा वाहत येतो, आवाज जड होतो. त्या क्षणी वर चढायचं असतं, खिशातून फोन काढायचा नसतो. हे शाळेत शिकवावं. आणि तुमचा कुत्रा ओढा ओलांडायला तयार नसेल तर त्याला उचलून नेऊ नका. त्याला काय दिसतं ते आपल्याला दिसेलच असं नाही. तो अडकला म्हणून पाण्यात उडी घेणं तर नकोच. कुत्रा बहुधा आपला आपण काठाला लागतो. मालकाचं तसं नसतं.

आमचे चिरंजीव शेवटी घाटातल्या धबधब्यापर्यंतच गेले, दोऱ्या हातात धरून. थोडे रुसले होते. त्यांच्या कुत्र्यांना मात्र काही फरक पडलेला दिसला नाही. ती डबक्यात लोळली आणि परत येताना सगळी गाडी चिखलाची करून मोकळी झाली. आठ दिवसांनी त्यांच्या पायांच्या बेचक्यांतून गोचीड निघाले, असा पुण्याहून फोन आला. जंगलात न नेताही हे होतं, तेव्हा घरी आल्यावर बोटांच्या फटी, कानांच्या आतल्या कडा बघायच्या, हे मी सांगायला विसरलो होतो. ती चूक माझी.

बंडूला आता सहावं सरलं. अजून तो साडेपाचला उठवतो. घाटाच्या कडेनं आम्ही जोडीनं जातो, दोरी माझ्या मनगटाला. त्या बिननावाच्या धबधब्याला मात्र मी वर्षातून एकदा एकटाच जातो. सौ. आणि बंडू गायरानाच्या अलीकडे, पळसाखाली, थर्मास घेऊन बसतात. मी गेलो की तो थोडा वेळ ओरडतो म्हणे, मग त्यांच्या पदरावर डोकं ठेवतो. यंदा ऑगस्टात गेलो तेव्हा पाणी भरपूर होतं. गवतातून एक लांडोर ओरडली; मी जागच्या जागी उभा राहिलो, ती गेल्यावर निघालो. परत आलो तर सौ. म्हणाल्या, "अहो, पाय पुढे करा, त्याला वास घ्यायचाय." मी पळसाखाली बसलो, पाय लांब केले. बंडूनं आधी डावा बूट घेतला, मग उजवा, तळव्यापासून नाडीपर्यंत, अगदी सावकाश. चहा थंड झाला तरी त्याचं चालूच होतं.